डेकशी दोन हात

दुकानदाराने रंगांचं कार्ड पंख्यासारखं उलगडून काउंटरवर ठेवलं आणि विचारलं, "पारदर्शक, अर्धपारदर्शक की भरीव?"

प्रूफसाहेब गांगरले. घरामागच्या लाकडी डेकला, म्हणजे फळ्यांच्या ओट्याला, लावायचा स्टेन मागितला की समोरचा माणूस फळीवरून एक डबा काढून देतो आणि आपण तो पिशवीत घालून घरी जातो, इतकीच त्यांची कल्पना होती. तिथे आपली तोंडी परीक्षा होईल, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. गेली बावीस वर्षं ते एका छापखान्यात मुद्रितशोधक होते. दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि समासात लाल खुणा करायच्या, हे त्यांचं काम. त्यावरून कॉलनीने त्यांना प्रूफसाहेब हे नाव ठेवलं होतं, आणि ते त्यांना मनातून आवडायचं, हे त्यांनी कोणाला कळू दिलं नव्हतं.

"फरक काय?" त्यांनी जमेल तितक्या बेफिकिरीने विचारलं.

"पारदर्शकात लाकूड दिसतं. भरीवात दिसत नाही."

"आणि अर्धपारदर्शकात?"

"लाकूड चांगलं असेल तर दिसतं," दुकानदार म्हणाला. "आणि एक लक्षात ठेवा, हा रंग नाही. रंग लाकडावर बसतो, स्टेन लाकडात मुरतो."

कार्डावर अठरा छटा होत्या आणि अठराही तपकिरी होत्या. 'मध', 'पानगळ', 'ओली माती', 'कोरडी माती', 'जुना अक्रोड', 'नवा अक्रोड'. जुना अक्रोड आणि नवा अक्रोड यांच्यात काय फरक आहे, हे शोधण्यात पाऊण तास गेला. दोन मात्रांमधला केसाएवढा फरक ओळखणाऱ्या डोळ्यांना दोन अक्रोड वेगळे दिसेनात, ही गोष्ट प्रूफसाहेबांना लागली. शेवटी ते नमुन्याच्या सात छोट्या बाटल्या घेऊन घरी आले.

"सात?" बायकोने विचारलं.

"निवड शास्त्रशुद्ध व्हायला हवी."

"स्टेन म्हणजे डागच ना? मी जन्मभर डाग काढत आले, आणि तुम्ही बाटल्या भरभरून आणताय."

पण हे ती चेष्टेने म्हणाली, कारण डेकचा विषय मुळात तिचाच होता. सहा वर्षांपूर्वी ते या घरात राहायला आले तेव्हा तिच्या वडिलांनी, म्हणजे अप्पांनी, तो डेक स्वतःच्या हाताने बांधून दिला होता. अप्पा हाडाचे सुतार. एकतीस फळ्या, दोन पायऱ्या, भोवती कठडा, आणि एकही खिळा वर डोकं काढून बसलेला नाही. जाताना ते एवढंच म्हणाले होते, "दर दोन वर्षांनी त्याला तेलपाणी करा." मग दोन वर्षं गेली, आणखी दोन गेली, आणखी दोन गेली, आणि डेक जुन्या पोत्यासारखा करडा पडला. आता पंधरा दिवसांनी, रविवारी, अप्पा येणार होते. तिची आई गेल्यापासून ते कुठे गेले नव्हते. हात थरथरायला लागले म्हणून तिच्या भावाने त्यांची अवजारं माळ्यावर टाकली होती, आणि तेव्हापासून ते फारसं बोलतही नव्हते.

"त्यांना तो डेक असा दिसता कामा नये," बायको म्हणाली. "माणूस बोलवा एखादा."

"मी काय आहे मग?" प्रूफसाहेबांनी विचारलं. यावर ती बोलली नाही, आणि तिच्या न बोलण्यामुळेच पुढचं सगळं घडलं.

त्यांनी डेकच्या अगदी मध्यभागी सात नमुन्यांचे सात पट्टे ओढले आणि प्रत्येकाशेजारी लाल पेन्सिलीने क्रमांक घातला. सकाळच्या उन्हात एक मत व्हायचं, संध्याकाळी ते फिरायचं. घरी आलेल्या सहकाऱ्यांनी, पोस्टमननेसुद्धा, आपापलं मत दिलं. मताधिक्य कशालाच मिळेना. मग एका दुपारी बायको स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघता बघता म्हणाली, "चौथा."

"का? पाचव्यात जास्त खोली आहे."

"आईच्या कपाटाचा रंग असा होता. अप्पांनी तिला लग्नात करून दिलेलं."

प्रूफसाहेबांनी मतांचा कागद घडी करून खिशात टाकला. चौथा पट्टा जुन्या अक्रोडाचा होता.

आता शेजार जागा झाला. उजवीकडे दातांच्या डॉक्टरीणबाई राहत. त्या कठड्यावरून वाकल्या, पट्ट्यांकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पडला. "न खरवडताच लावलंत?"

"हे नुसते नमुने आहेत."

"वरचा करडा थर मेलेला आहे हो. आधी तो खरवडून काढायचा, मग पॉलिश. किती वर्षं दुर्लक्ष केलंत?"

"सहा," प्रूफसाहेब म्हणाले, आणि खुर्चीत आडवं होऊन तोंड उघडल्यासारखी त्यांची अवस्था झाली.

डावीकडे हवामान खात्यातून निवृत्त झालेले गृहस्थ होते. त्यांना सगळे वेधशाळा म्हणत. त्यांनी आकाशाकडे न बघताच जाहीर केलं, "पुढचे पंधरा दिवस एक थेंब पडणार नाही. लिहून घ्या." प्रूफसाहेबांनी खरोखरच लिहून घेतलं.

मग खरवडणं सुरू झालं. लाकडी ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळायचा आणि घासायचं. तीन संध्याकाळी आणि एक अख्खा रविवार ते घासत होते. करड्या थराखालून पिवळसर, जिवंत लाकूड वर आलं. त्याबरोबर प्रूफसाहेबांच्या पाठीत आजवर कधी न भेटलेले स्नायूही वर आले. सगळं साफ झालं, फक्त ते सात पट्टे गेले नाहीत. स्टेन लाकडात मुरतो, हे दुकानदार अगदी खरं बोलला होता.

सोमवारी कॉलनीचे सेक्रेटरी आले. काखेत फाइल, डोळ्यांवर चष्मा, पायांत बिनलेसचे चकचकीत बूट.

"परवानगी घेतलीत?"

"कसली?"

"बाहेरून दिसणाऱ्या भागाचा रंग बदलताय. नियम चौदा."

"हा रंगच नाही," प्रूफसाहेब खुशीत म्हणाले. "रंग लाकडावर बसतो, स्टेन लाकडात मुरतो."

सेक्रेटरींनी यावर मिनिटभर प्रामाणिकपणे विचार केला. तसे ते वाईट नव्हते. नियम मोडला की त्यांना आतून दुखायचं, इतकंच. "मग रंग बदलत नसल्याचा अर्ज करा."

"तो कुठे मिळतो?"

"रंगबदलाचाच फॉर्म घ्यायचा. 'नवीन रंग' या रकान्यात 'लागू नाही' लिहायचं."

प्रूफसाहेबांनी फॉर्म भरायला घेतला आणि घात झाला. फॉर्ममध्ये 'परवाणगी' होती, 'सदनीका' होती, 'आर्जदार' होता. एकूण पाच चुका. त्यांच्या हाताने त्यांना न विचारता लाल पेन उचललं. दुसऱ्या दिवशी फॉर्म परत आला, वर शेरा होता, 'खाडाखोड असल्याने बाद'. दुसरा फॉर्म त्यांनी पाचही चुका कडू औषधासारख्या गिळून स्वच्छ भरला. तो बुधवारी परत आला: 'लागू नाही म्हटले आहे, तथापि पाहणीत डेक सात रंगांचा आढळला.' तिसऱ्या फॉर्मवर त्यांनी तत्त्व, अक्रोड आणि स्वाभिमान तिन्ही सोडून नुसतं 'तपकिरी' लिहिलं. गुरुवारी संध्याकाळी परवानगी आली.

शुक्रवारची रजा टाकून प्रूफसाहेब डबा आणि ब्रश घेऊन डेकवर उभे राहिले. आता डब्यावरच्या सूचना. त्या बारीक अक्षरांत होत्या, पण बारीक अक्षरं म्हणजे प्रूफसाहेबांचं माहेर. पहिली ओळ: 'वापरण्यापूर्वी डबा चांगला ढवळावा.' ढवळला. दुसरी ओळ: 'ब्रशने एकसामान लावावे.'

एकसामान!

त्यांचा चेहरा उजळला. एवढी मोठी कंपनी, लाखो डबे, आणि कोणाच्या लक्षात आलं नाही! त्यांनी 'सा'च्या कान्यावर लाल रेघ मारली, समासात, म्हणजे डब्याच्या कडेवर, खूण केली, बायकोला हाक मारून दाखवली. या आनंदात तिसरी ओळ वाचायची राहून गेली.

काम मात्र त्यांनी पद्धतशीर केलं. कठड्याकडून सुरुवात करून दाराकडे मागे मागे सरकत आले, म्हणजे आपणच कोपऱ्यात अडकायला नको. फळ्या तहानलेल्या दिसत होत्या, त्यांना त्यांनी पोटभर पाजलं. एका फळीला एक हात पुरेसा वाटला नाही म्हणून वर लगेच दुसरा हात मारला. संध्याकाळी डेक आरशासारखा चमकत होता.

"सुंदर झालाय हो," बायको दारात उभी राहून म्हणाली. लग्नानंतर तिने इतक्या स्पष्टपणे त्यांचं कौतुक क्वचितच केलं होतं. प्रूफसाहेब त्या दिवशी जेवताना ताठ बसले. काही अंशी पाठीमुळे.

शनिवारी सकाळी डेक तसाच चमकत होता. दहा वाजताही. अकराला त्यांनी बोट लावलं, आणि ते परत आणायला थोडं ओढावं लागलं. शेजारच्या झाडाची बारीक पानं जिथे पडली तिथे कायमची वस्तीला आली होती.

"हवेत दमटपणा आहे," वेधशाळा कुंपणापलीकडून म्हणाली.

"तुम्ही म्हणालात एक थेंब पडणार नाही!"

"पडला का? दमटपणाबद्दल तुम्ही विचारलंच नव्हतं."

"त्याला हात लावू नका," डॉक्टरीणबाईंनी दुसरीकडून सल्ला दिला. "जीभसुद्धा लावू नका." मग आपण कशाबद्दल बोलतोय हे आठवून त्या आत गेल्या.

बाराच्या सुमाराला सेक्रेटरी पाहणीला आले. पुढच्या दाराने आले असते तर काही झालं नसतं. पण नियमाप्रमाणे बाहेरून दिसणारा भाग बाहेरूनच बघायचा म्हणून ते बागेच्या बाजूने पायऱ्या चढून थेट डेकवर आले. प्रूफसाहेब खिडकीतून "अहो, अहो!" करेपर्यंत त्यांची चार पावलं झाली होती. पाचव्याला सेक्रेटरी पुढे गेले आणि बूट मागे राहिले. दोन्ही. बूट शेजारी शेजारी, दाराकडे तोंड करून, शाळेच्या रांगेत उभे असल्यासारखे.

सेक्रेटरींनी मागे वळून बुटांकडे पाहिलं. मग मोज्यांकडे पाहिलं, जे आता त्यांचे एकट्याचे राहिले नव्हते. त्या माणसाला मानलं पाहिजे. ते ओरडले नाहीत. उभ्या उभ्या त्यांनी फाइल उघडली, लिहिलं, आणि ठळक आवाजात वाचून दाखवलं, "पृष्ठभाग चिकट. काम अपूर्ण." मग मोजे तिथेच सोडून एकेक टाच सोडवत ते अनवाणी दारापर्यंत आले. बायकोने त्यांना पाय पुसायला फडकं दिलं, आणि ते प्रूफसाहेबांच्या घरातल्या सपाता घालून निघून गेले.

प्रूफसाहेब डोकं धरून बसले होते. उद्यापर्यंत हे वाळलं नाही तर? तेवढ्यात पुढच्या दाराची बेल वाजली. दारात अप्पा उभे होते, हातात एक छोटी बॅग.

"आजची गाडी मिळाली. आलो एक दिवस आधी," ते म्हणाले. ते खूप वाळले होते. लेकीने त्यांच्या हातातली बॅग घेतली तेव्हा हात किती थरथरतोय हे प्रूफसाहेबांना दिसलं, आणि अप्पांनी तो लगेच खिशात घातला.

पाणी प्यायच्या आधीच ते मागच्या दाराशी गेले. प्रूफसाहेब त्यांच्यामागे, निकालाला निघालेल्या विद्यार्थ्यासारखे.

अप्पांनी डेक पाहिला. पानं पाहिली. बूट आणि मोजे पाहिले.

"हे कोणाचे?"

"सेक्रेटरींचे."

"ते कुठायत?"

"घरी गेले."

अप्पांनी मान हलवली, जणू जगात असं होतच असतं. मग दाराच्या चौकटीला धरून ते सावकाश खाली वाकले आणि पहिल्या फळीला बोट लावलं. "पुसलं नाहीत?"

"काय पुसायचं, अप्पा?"

"लावल्यावर पाव तासाने फडक्याने पुसायचं असतं. लाकूड पिईल तेवढं पिऊ द्यायचं, उरलेलं काढायचं. डब्यावर लिहिलेलं नाही का?"

बायकोने डबा उचलला आणि तिसरी ओळ मोठ्याने वाचली. "'पंधरा मिनिटांनी जादा स्टेन कापडाने पूर्ण पुसून घ्यावा.'" मग तिची नजर वरच्या ओळीतल्या लाल खुणेवर गेली. तिने डबा अलगद खाली ठेवला. बावीस वर्षांत प्रूफसाहेबांच्या हातून एवढी मोठी चूक सुटली नव्हती, आणि ती नेमकी त्या खुणेच्याच खालच्या ओळीत सुटली होती. तोंड कुठे लपवावं ते त्यांना कळेना.

"टर्पेंटाइन आहे घरात?" अप्पांनी विचारलं. "आणि जुनी सुती फडकी?"

"अप्पा, तुम्ही बसायचं," बायको घाईने म्हणाली. "दादाने सांगितलंय, हातांना त्रास..."

"बरं. बसतो."

ते दारात खुर्ची टाकून बसले. प्रूफसाहेब गुडघ्यांवर टेकले, फडकं टर्पेंटाइनमध्ये भिजवून घासू लागले. आधी मोजे सुटले, मग बूट.

"आडवं नको. फळीच्या रेषेने."

"हो."

"दाब सारखा ठेवा. अहो, सारखा म्हणजे... नाही, तसं नाही. तुम्ही लाकूड घासताय, बटाटा नाही."

अर्धा तास अप्पांनी सोसलं. मग खुर्ची करकरली. "द्या इकडे," म्हणत ते स्वच्छ केलेल्या फळीवर गुडघे टेकून शेजारी बसले. त्यांचा हात फडक्याकडे येताना हवेत थरथरत होता. फडकं फळीवर टेकलं, वर तळव्याचा भार पडला, आणि हात सरळ चालायला लागला. थरथर गेली नव्हती, पण ती घासण्यात जिरून जात होती. बायको चहाचे कप घेऊन दारात आली होती. तिने पाहिलं आणि ती कप घेऊन तशीच आत वळली. 

दोन फळ्या झाल्यावर अप्पा म्हणाले, "सहा वर्षं तेल दिलं नाहीत."

"नाही दिलं, अप्पा. चुकलं."

"आमच्या घराचं दार तळाशी घासायचं. उघडताना कर्र वाजायचं. हिची आई दहा वर्षं सांगत होती, रंधा मारा म्हणून. मी लोकांची दारं करत फिरायचो." ते फडक्याची घडी उलटी करून पुढच्या फळीकडे सरकले. "अजून वाजतं."

प्रूफसाहेब फळीच्या रेषेने घासत राहिले. अप्पांनी बाजूला नजर टाकली. "हां. असं."

त्या दिवशी आणि रविवारी मिळून एकतीस फळ्या पुसून झाल्या. वापरलेली फडकी अप्पांनी गोळा करून ठेवू दिली नाहीत. "बोळा केला तर आपोआप पेटतात," म्हणत एकेक पसरून तारेवर घातलं. मंगळवारी पातळ हात दिला. एकाने लावायचं, दुसऱ्याने पाठोपाठ पुसायचं. बुधवारी डेक कोरडा होता, मऊ, शांत तपकिरी. नीट पाहिलं तर मध्यभागी सात पट्टे अंधूक दिसत होते.

"हे राहिलेच," प्रूफसाहेब हळहळले.

"असू दे. पहिलंच काम आहे तुमचं. छान झालंय," अप्पा म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी बॅग भरून दाराशी आणून ठेवली. गुरुवारी सकाळी ते परत निघणार होते. लेकीने आणखी चार दिवस राहा म्हणून दोनदा सांगून पाहिलं. "इथे बसून काय करू?" एवढंच त्यांचं उत्तर.

संध्याकाळी सेक्रेटरी आले. परत मिळालेले बूट त्यांनी पायरीखाली काढून ठेवले, आधी अंगठा टेकवून पाहिला, मग पाऊल ठेवलं आणि दोनदा उचलून खात्री केली. "काम पूर्ण," ते समाधानाने म्हणाले आणि फाइलमधून एक नवाच फॉर्म काढला. "आता फक्त हा पूर्णत्वाचा. इथे काम करणाऱ्या कारागिराचं नाव लिहा. नोटीस बोर्डावर लागेल. कोणाला असं काम करून घ्यायचं असेल तर उपयोगी पडतं."

"जावईबापूंचं लिहा," अप्पा खुर्चीतून म्हणाले. "मी नुसता पाहुणा."

प्रूफसाहेबांनी पेन हातात घेतलं. आजवर हजारो पुस्तकं त्यांच्या हाताखालून गेली होती आणि एकावरही त्यांचं नाव नव्हतं. नाव छापून येणं, तेही बोर्डावर, कारागीर म्हणून! वेधशाळा वाचेल, डॉक्टरीणबाई वाचतील. पेनाचं टोक रकान्यावर क्षणभर थांबलं. मग त्यांनी वळणदार अक्षरात एक नाव लिहिलं.

"लिहिलंत?" अप्पांनी विचारलं.

"लिहिलं. तुमचं."

"माझं?"

अप्पांनी चष्मा लावला, फॉर्म मागून घेतला आणि हाताच्या थरथरीत जमेल तसा धरून वाचला. बराच वेळ वाचला, खरं तर तिथे नाव एकच होतं. मग चष्म्यावरून त्यांनी डेककडे नजर टाकली. शनिवारपासून ते बघत होते, पण असं नाही.

"हे पट्टे दिसतायत," ते म्हणाले.

"अप्पा, तुम्हीच म्हणालात असू दे."

"तेव्हा ते तुमचं काम होतं." ते उठले, वाकले, कठड्याच्या खालून हात फिरवला. "इथे ओघळ राहिलाय. पायरीच्या पोटाला कोणी हातच लावलेला नाही. आणि ही तिसरी फळी, हिला काय झालंय? छे, छे." त्यांनी फॉर्मची घडी करून खिशात ठेवली. "माझ्या नावावर असलं काम बाहेर जात नसतं. अगं, ती बॅग ठेव परत आत. जावईबापू, दुकान बंद व्हायच्या आत बारीक पॉलिशपेपर आणा. आठ-दहा ताव आणा. अजून एक हात द्यावा लागणार."

बायकोने बॅग उचलली आणि कोणाचं मन बदलायच्या आत ती दिसेनाशी केली. प्रूफसाहेबांची पाठ कळवळली, पण पाय चपलांत गेलेसुद्धा.

सेक्रेटरी रिकामी फाइल उघडी धरून उभे होते. "पण माझा फॉर्म? मी शेरा काय लिहू?"

"लिहा," अप्पा गुडघे टेकता टेकता म्हणाले, "काम चालू आहे."